पातीताईची एकोणीस वर्षं

लग्नानंतर अकराव्या दिवशी पातीताईला पहिला मार बसला. नवऱ्याचा कामाचा शर्ट तिनं धुतला आणि खिशातला एक बारका स्क्रू पाण्याबरोबर वाहून गेला, एवढंच कारण. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. "खिसा बघितला नाहीस?" त्यानं विचारलं. ती "नाही" म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं डोकं न्हाणीघराच्या चौकटीवर आपटलं.

हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. हातातल्या कामावरची नजर न काढता, शेजारच्या बाईचं काहीतरी सांगावं तसं.

"तोंडावर कधी मारलं नाही हं त्यांनी," ती म्हणाली. "तोंडावरचं चारचौघांत दिसतं. केसांत कोण बघतंय?"

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो. मेलेल्या माणसांचे मेंदू तिथं तपासायला येत. बहुतेक मुष्टियोद्ध्यांचे, थोडे फुटबॉल खेळणाऱ्यांचे. आयुष्यभर डोक्याला मार खाऊन त्यांचं पुढं काय होतं, हा आमच्या डॉक्टरांचा विषय. मेंदू औषधात घट्ट करायचा, त्याचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, आणि मग यंत्रावरच्या पात्यानं त्या ठोकळ्याचे काप काढायचे. काप इतके पातळ, की एका केसाच्या जाडीत तसे चौदा-पंधरा बसावेत. ते पात्यावरून फितीसारखे उलगडत येतात. ती फीत कोमट पाण्यावर तरंगवायची आणि न चुरगळता काचेवर उचलून घ्यायची. श्वास जोरात सोडला तरी फीत उडते. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ती पातीताई. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. हे काम मला तिनंच शिकवलं.

दर वर्षी नवे शिकाऊ डॉक्टर आले की आमचे डॉक्टर त्यांना आमच्याच टेबलापाशी उभं करून समजावत. आम्हा दोघींना ते पाठ झालं होतं.

"पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी नव्हे," ते म्हणायचे. "मेंदूतल्या पेशीला आतून सांगाडा असतो. लांबच लांब पोकळ नळ्या. त्यांच्यावरून पेशीचा सगळा माल या टोकापासून त्या टोकाला जातो. त्या नळ्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, टाऊ. बांधकामावरची परांची सुंभानं बांधतात ना, तसं समजा. आता या टाऊवर फॉस्फेटचे कण चिकटवले की त्याची पकड सैल होते, काढून घेतले की घट्ट होते. चिकटवणारे वेगळे, काढणारे वेगळे."

"आणि दोघांचं जमलं तर संसार नीट चालतो," पातीताई खाली मान घालून पुस्ती जोडायची. पोरं हसायची.

"बरोबर," डॉक्टर म्हणायचे. "पोटातल्या बाळाच्या मेंदूत हे कण भरपूर असतात, कारण तिथं पेशीला वाढायचं असतं, सांगाडा सैलच हवा. तेव्हा फॉस्फेट म्हणजे शत्रू नव्हे. पण डोक्याला हादरे बसत राहिले की चिकटवणारे पिसाळतात. एकावर एक, एकावर एक. शेवटी टाऊ नळी सोडून देतं. सुटलेले धागे एकमेकांना पीळ घालतात, त्याचा गुंता होतो. नळ्या ढासळतात, माल अडतो, पेशी मरते. आपण वापरतो तो रंग फक्त असं कण चढलेलं टाऊ पकडतो. जिथं तपकिरी दिसेल, तिथं ढासळलंय."

एकदा एका पोरानं विचारलं, पेशी मेल्यावर त्या गुंत्याचं काय होतं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा तो तसाच राहतो, पेशीच्या आकाराचा.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," पातीताई म्हणाली. डॉक्टरही हसले, आणि पुढं कित्येक वर्षं हे वाक्य आपलंच असल्यासारखे वापरत राहिले.

मी तिच्या शेजारी बसून हे सगळं ऐकत होते, आणि ती कधी मान वाकडी करून यायची, कधी रोज एका बाजूला असलेली वेणी दुसऱ्या बाजूला घालून यायची. मी विचारायचे, "काय झालं गं ताई?" ती म्हणायची, "नळाला लागलं." मी म्हणायचे, "बर्फ लाव." बर्फ आमच्याकडे ढिगानं होता, ठोकळे गार करायला. ती एक खडा रुमालात गुंडाळून डोक्याला लावायची आणि मी माझ्या कामाला लागायचे. इतकी वर्षं मी त्या नळावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवला नाही. विचारलं तर काहीतरी करावं लागेल, म्हणून विचारलं नाही.

नळाची गोष्ट काय होती, ते पुढं तिच्या मुलीकडून कळलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची. बापाची अंघोळ चालू असताना टाकीतलं पाणी संपलं. तो ओला, साबणानं माखलेला तसाच बाहेर आला, बायकोला वेणीला धरून आत ओढत नेलं आणि तिचं डोकं नळाच्या तोटीवर आपटू लागला. "बघ, येतंय का पाणी? बघ नीट." एक, दोन, तीन, चार. मुलगी दारात उभी होती. चौथ्या वेळी आईच्या डोळ्यांतली बुबुळं वर गेली आणि ती ओल्या फरशीवर घसरत खाली बसली. बापानं तिला ओलांडलं, अंग पुसलं आणि कामावर गेला. डेपोत तो सगळ्यांचा लाडका होता. कुणाची मोटारसायकल बिघडली की सुट्टीच्या दिवशीसुद्धा फुकट दुरुस्त करून द्यायचा.

असं एकोणीस वर्षं चाललं. कधी महिनाभर काही नाही, कधी आठवड्यातून तीनदा. भिंत, कपाटाचं दार, पान्याचं मागचं टोक, आणि काहीच हाताशी नसलं तर तळहाताची टाच, कानाच्या वर.

तिला काही होतंय हे आम्हाला पहिल्यांदा जाणवलं ते एका हिवाळ्यात. मेण विरघळवायला आम्ही झायलीन वापरायचो. त्याचा वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. एका दुपारी त्याची मोठी बाटली तिच्या पायाशी फुटली. आम्ही सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून बाहेर पळालो. वळून बघते तर ही जागेवर, मान खाली, फीत उचलतेय. मी आत जाऊन तिला ओढून बाहेर आणलं.

"वास येत नाही का तुला?"

"कसला?" तिनं विचारलं.

मग शब्द अडू लागले. ओळखीच्या वस्तूला ती "ते हे" म्हणायला लागली. ब्रश म्हणजे ते हे, काच म्हणजे ते हे. आणि त्याच सुमाराला तिला राग यायला लागला. आजवर तिचा आवाज चढलेला आम्ही ऐकला नव्हता. एक दिवस एका शिकाऊ डॉक्टरनं न विचारता तिच्या यंत्राचं पातं बदललं. तिनं काचा ठेवायचा स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. भुवईवर चार टाके पडले. रक्त त्याच्या कॉलरमध्ये जात होतं आणि ही दुसऱ्यांदा ट्रे उगारत होती. मी मागून तिचे हात धरले. तिच्या अंगात त्या वेळी जे बळ होतं ते माझ्याच्यानं आवरत नव्हतं. मी वर कळवताना लिहिलं की ट्रे हातातून निसटला. त्या पोरानंही भलेपणानं तेच सांगितलं.

घरी काय झालं ते याहून वाईट होतं. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. अभ्यासाचं पुस्तक स्वयंपाकाच्या ओट्यावर राहिलं, यावरून पातीताईनं तिला लाटण्यानं मारायला सुरुवात केली. मुलीनं डोकं वाचवायला हात वर केले. उजव्या हाताचं बोट मोडलं. मोडल्याचा आवाज दोघींना ऐकू आला, तरी ताई थांबली नाही. बाप बाहेरच्या खोलीत बसून होता. तो म्हणाला, "आता कळतंय का तुला, मला कसा राग येतो ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या बोटाची पट्टी पाहून पातीताईनं विचारलं, "अगं, हे कसं झालं?"

मुलीला आधी वाटलं आई नाटक करतेय. मग तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तूच मारलंस," ती म्हणाली.

त्या दिवशी पातीताई कामावर आली, पण यंत्राला हात लावला नाही. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर बसले होते. त्यांच्यासमोर एका मुष्टियोद्ध्याचा काप होता, आदल्या आठवड्यात तिनंच काढलेला. ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. मी कागद द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले.

"हा किती वर्षं खेळला?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. "चौदा वर्षं. का?"

"माझी एकोणीस झाली."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती उभीच होती.

"याला निदान पंच होता," ती म्हणाली. "पडला की मधे येऊन थांबवायला. घंटा होती. समोरचा याच्याच वजनाचा होता. मला कालचं आठवत नाही, डॉक्टर. मी पोरीचं बोट मोडलं आणि मला आठवत नाही. माझ्या डोक्यात हे तपकिरी आहे का, तेवढं सांगा."

"जिवंत माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. ते खरं तेच सांगत होते. "मेंदू हातात आल्यावरच कळतं."

"मग लिहून घ्या. माझा घ्या."

डॉक्टरांनी खणातून देहदानाचा अर्ज काढून तिला दिला. इथं त्यांची चूक झाली. माझीही झाली, कारण मी तिथंच उभी होते. अर्जाखाली जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. डॉक्टर म्हणाले, "घरी नेऊन मिस्टरांची सही आणा." त्यांना सवय होती तशीच म्हणायची.

रविवारी सकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती. अर्ज तिनं टेबलावर ठेवला होता. नवऱ्यानं तो दोनदा वाचला.

"डोकं कापायला देणार? आणि बघणाऱ्यांनी काय म्हणायचं?"

"म्हणतील, नवऱ्यानं ठेचलंय," ती म्हणाली. "तू ठेचलंस. तुझी सही हवी तिथं."

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. मुलगी सांगते, बापाला अर्जाचं इतकं काही वाटलं नव्हतं, पण त्या "तू"नं त्याचा चेहरा बदलला. तो हत्यारांच्या पेटीतून पाना घेऊन आला. पहिला घाव तिच्या डोक्याच्या मागे बसला. ती टेबलावर आडवी झाली. तो दुसरा मारायला जवळ आला तेव्हा तिनं तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या पुढे आलेल्या हातावर दाबली. दाबून धरली. कातडीचा चर्र आवाज आला, जळाल्याचा वास खोलीभर झाला. तिला तो येत नव्हता. तो ओरडत मागं सरला तशी ती इस्त्री घेऊन पुढं गेली, वायर ताणून सॉकेटमधून निघेपर्यंत. मग तिनं ती त्याच्या गुडघ्यावर फेकली. तो खाली कोसळला. ती त्याच्या उरावर बसली आणि मुठींनी त्याच्या डोक्यावर मारू लागली, केसांत, दिसणार नाही तिथं.

मुलीनं तिला काखेत हात घालून उठवलं. "आई, मरेल तो. चल. आपण जाऊ." तिच्या केसांतून मानेवर रक्त वाहत होतं. दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्या घरी आल्या. माझ्याकडे दोनच खोल्या. त्यातली एक त्यांची झाली.

नऊ दिवसांनी तो प्रयोगशाळेत आला. हाताला कोपरापर्यंत पट्टी. पहारेकऱ्याशी तो गोड बोलला, बायकोला डबा द्यायचाय म्हणाला. आत आला तेव्हा ती थंड कोठीतून ठोकळे काढत होती. त्यानं तिचं डोकं कोठीच्या लोखंडी दारात घातलं आणि दार लोटलं. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. ठोकळे जमिनीवर विखुरले. शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटून उभे होते. डॉक्टर "अहो, अहो" म्हणत होते.

मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडलं ते मला हातात कळलं. तो वळला. मी दुसऱ्यांदा तोंडावर घातलं. त्याचे दोन दात माझ्या चपलेपाशी पडले. मग मी थांबले आणि खाली बसले. मी आधी कधी कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. आजही विचाराल तर, मारल्याचं वाईट वाटत नाही. बर्फ दिल्याचं वाटतं.

खटला चालला. त्याच्या वकिलानं विचारलं, एकोणीस वर्षं मारलं म्हणता, तर यांचं एक तरी हाड मोडल्याचा कागद आहे का? नव्हता. त्याच्या हाताचा, खांद्याचा, दातांचा मात्र होता, फोटोंसकट. डॉक्टर साक्षीला उभे राहिले. या बाईच्या मेंदूला इजा झालीय असं खात्रीनं सांगता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "खात्रीनं नाही. शक्यता फार मोठी आहे." वकील म्हणाला, "म्हणजे नाही." डॉक्टर खोटं बोलले असते तर निकाल वेगळा लागला असता. त्यांना खोटं बोलता आलं नाही, आणि त्या दिवसापासून त्यांना झोप नीट लागली नाही, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. नवऱ्याला कोठीच्या दाराबद्दल आठ महिने तुरुंग झाला, आधीच्या एकोणीस वर्षांबद्दल काही नाही. मला ताकीद मिळाली. पातीताईला घटस्फोट मिळाला.

त्यानंतर ती सात वर्षं जगली. पहिली तीन बरी होती. कामावर येत होती, हात थोडा कापायचा, पण पात्यावर गेला की स्थिर व्हायचा. मग हातही गेला. मुलीला शाळेत नोकरी लागली, तिनं आईला आपल्याकडे नेलं. शेवटची दोन वर्षं फार वाईट. ती मुलीला नवरा समजायची. जेवण घेऊन खोलीत आलेल्या मुलीच्या तोंडावर ताट फेकायची, चावायची, ओरबाडायची. मुलीच्या दंडावर दातांचे वळ मी पाहिले आहेत. मी एकदा तिला म्हटलं, "कुठंतरी ठेवूया का गं तिला, सोय असते." ती म्हणाली, "मावशी, तिला वाटतं ती आत्ता लढतेय. लढू दे. तेव्हा लढली नव्हती." आणि मग दार लावून न्हाणीघरात रडली, ते मला ऐकू येत होतं.

छातीत कफ होऊन ती एका सकाळी गेली. सही मुलीनं केली.

काप मी काढले. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. मेंदू तिच्या वयाच्या मानानं लहान झाला होता. फीत उचलताना माझा श्वास नीट चालत नव्हता, दोन फिती वाया गेल्या. रंग चढवला. डॉक्टर आता थकले होते, पण आले. त्यांनी बघितलं आणि मला बसायला सांगितलं. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारक्या रक्तवाहिन्यांच्या भोवती, जिथं धक्क्याचा ताण सगळ्यात जास्त बसतो, तिथं तपकिरी दाट साचलं होतं. मुष्टियोद्ध्यांच्या कापांत दिसतं तसंच. काही ठिकाणी त्याहून दाट.

नोंदीच्या कागदावर दोन रकाने होते, खेळ आणि खेळलेली वर्षं. डॉक्टरांनी पेन उचललं आणि धरूनच ठेवलं.

मुलगी शेजारी बसली होती. तिनं कागद आपल्याकडे ओढला, 'खेळ' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'मार'. पुढं वर्षं लिहिली.

डॉक्टरांनी पुढचे सगळे कागद तसे छापून घेतले. शहरातल्या एका निवाऱ्यात नवऱ्यांना सोडून आलेल्या बायका राहतात. तिथं ते दर गुरुवारी जायला लागले, मला सोबत घेऊन. कुणाला डोक्याबद्दल काही विचारायचं असेल तर या, असा कागद आम्ही दारावर लावला. पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. डॉक्टर खुर्चीत डुलक्या घेत होते.

तिसऱ्या गुरुवारी एक बाई आली. जेमतेम तिशीची. खुर्चीच्या कडेवर बसली. डॉक्टरांकडे न बघता मला म्हणाली, "डोकं दुखायचं थांबतं का हो पुढं?"

"किती वर्षं मारलं?" मी विचारलं.

"सहा."

"कुठं मारायचा?"

तिनं हात वर नेला आणि कानाच्या वरचे केस बाजूला केले. मी खुर्ची जवळ ओढली आणि बघितलं.